वजनाचा काटा अडला की धीर सुटतो, तेव्हा काय करायचं?

मापटं

पहिले पंधरा दिवस सहसा कोणी मागे हटत नाही. डबा वेगळा, चहा बिनसाखरेचा, संध्याकाळची फेरी, सगळं हौसेनं चालतं. गाडी अडते ती दीड-दोन महिन्यांनी. "एवढं करूनही काटा ढिम्म" म्हणत माणूस नाद सोडतो. हा धागा त्याच टप्प्यासाठी आहे. ‘जिद्द ठेवा’, ‘मन खंबीर करा’ असले प्रतिसाद कृपया नकोत, त्यांनी आजवर कोणाचं पावशेर वजन उतरलेलं नाही.

आधी आकडे. शरीरात, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत मिळून, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. खाणं कमी केलं की हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो ‘गेले’ असं वाटतं ते बहुतांशी हेच. त्यानंतर खरी चरबी जायला लागते, आणि तिथे हिशोब वेगळा आहे. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. रोज ४०० कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला २८००, म्हणजे ३६० ग्रॅम. रोजचे जेमतेम ५० ग्रॅम! आणि पाणी, मीठ, पोट साफ होणं-न होणं यामुळे वजन रोज किलोभर खाली-वर होतं. ५० ग्रॅमचा उतार किलोभराच्या हेलकाव्यात दिसणार कसा?

उदाहरण बघा. सोमवार ते रविवार:
७८.४, ७८.९, ७८.२, ७८.६, ७९.१, ७८.३, ७८.०
पुढचा आठवडा:
७८.२, ७८.०, ७८.७, ७८.१, ७८.४, ७७.८, ७७.७

फक्त बुधवारी वजन करणाऱ्याला ७८.२ वरून ७८.७ दिसेल, म्हणजे अर्धा किलो वाढ. तो त्याच संध्याकाळी वडापाव खाणार. पण सरासरी काढली तर पहिला आठवडा ७८.५ आणि दुसरा ७८.१३. जवळपास ३७० ग्रॅम कमी, अगदी हिशोबाप्रमाणे. माणूस तोच, काटा तोच.

म्हणून एकतर रोज वजन करून आठवड्याची सरासरी बघा, नाहीतर काट्यावर चढूच नका. आठवड्यातून एकदा वजन करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, काटा फरशीवर एकाच जागी. आकडा लिहायचा आणि विसरायचा. निर्णय फक्त सरासरीवर, आणि तोही निदान तीन आठवड्यांच्या.

चिंचगूळ

छान मांडलंय. भर घालते.

मासिक पाळीच्या आधीच्या आठवड्यात अर्धा ते दोन किलो पाणी साठणं अगदी सामान्य आहे. त्यामुळे पाळी येणाऱ्या बायकांनी आठवड्याची तुलना आधीच्या आठवड्याशी करूच नये. चक्राच्या दुसऱ्या आठवड्याची तुलना मागच्या चक्राच्या दुसऱ्या आठवड्याशी. ‘महिनाभर काही झालंच नाही’ या तक्रारीचं मूळ कित्येकदा इथेच असतं.

दुसरं, नवीन व्यायाम सुरू केल्यावर स्नायू दुखतात आणि दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात. जिमच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन वाढलेलं दिसलं तर घाबरू नका. तिसरं, मिसळ, पापड, लोणचं, हॉटेलची भाजी, यांतल्या मिठाचा परिणाम दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. एका जेवणातून किलोभर चरबी चढायला त्या एका बैठकीत गरजेपेक्षा ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. लग्नाच्या पंगतीतही ते जमणं कठीण.

आणि टेप घ्या. शिंप्याकडे असते ती साधी टेप, बेंबीच्या रेषेत, जमिनीला समांतर, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमीच्या वर धोका धरतात. पाश्चात्त्यांपेक्षा हा आकडा कमी का, याचं सुरेख उदाहरण पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तेव्हा आपल्या लोकांनी नुसत्या किलोंवर नाराज होण्यापेक्षा कंबर बघावी. काटा अडलेला असताना कंबर दोन सेंमी उतरलेली असते, हे वारंवार दिसतं.

अर्धी_भाकरी

काट्याचं पटलं. पण खाण्याचा हिशोब कसा ठेवायचा? घरात सहा माणसं, भाजी एकच. फोडणीत तेल किती गेलं ते करणाऱ्यालाच माहीत, कधीकधी त्यालाही नाही. ॲपमध्ये ‘१ वाटी भाजी’ असं टाकून काही अर्थ आहे का?

कोकमसार

अर्थ नाही. घरच्या वाटीत १२० मिली मावतं की २००, इथपासून सुरुवात. पण एकत्र स्वयंपाकातही मोजता येतं.

तेलाचा हिशोब किराणा यादीतून काढा. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल येत असेल तर ते वजनाने ३६४० ग्रॅमच्या आसपास. भागिले ३०, भागिले ४, म्हणजे माणशी रोज ३० ग्रॅम आणि २७० कॅलरी. तूप, लोणी, शेंगदाणे यात नाहीत. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या नमुना ताटात रोजचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. तीच फोडणी पळीने ओतण्याऐवजी चमच्याने घातली तर महिन्याला ३ लिटरमध्ये भागतं. म्हणजे माणशी रोज ७० कॅलरी कमी, आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. ‘माझ्यासाठी वेगळं करा’ म्हणायची वेळ येत नाही, हा मोठा फायदा. वेगळा स्वयंपाक हा दोन महिन्यांत कंटाळा येण्याचा हमखास रस्ता.

पोळीचं: साध्या डिजिटल वजनकाट्यावर कणकेचा एक गोळा ठेवून बघा. ४५ ते ४८ ग्रॅमच्या गोळ्यात कोरडी कणीक ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १०० कॅलरी. वरून चमचाभर तेल किंवा तूप, आणखी ४० ते ४५. गोळा ७० ग्रॅमचा निघाला तर ती पोळी नव्हे, दीड पोळी. एकदाच मोजा, आठवडाभरात हाताला अंदाज येतो.

भाजीचं: रिकाम्या कढईचं वजन एकदा करून फ्रीजवर चिकटवून ठेवा. भाजी झाल्यावर कढईसकट वजन, वजा रिकामी कढई. एकूण १२०० ग्रॅम भाजी, त्यात ४० ग्रॅम तेल, तुम्ही घेतली २०० ग्रॅम, तर तुमच्या वाट्याला तेल पावणेसात ग्रॅम.

या सगळ्यात सुटतं काय? दाण्याचं कूट (भरलेला मोठा चमचा १० ग्रॅम, ५५ ते ६० कॅलरी), सायीचं दही, मुलांच्या ताटात उरलेलं, आणि चहा. ७५ मिली म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर धरली तर कप १०५ कॅलरींचा. दिवसाला चार कप म्हणजे ४२०. वर मापटं यांनी दिवसभराची जी तूट धरली, ती इथेच संपली.

हे खोटं बोलणं नसतं, नोंद निसटते. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. १२०० कॅलरींच्या खाली खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांना तपासलं तर त्यांची चयापचयाची गती ठीक होती. खाणं मात्र सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं, आणि हालचाल ५१ टक्के जास्त.

सुपारी_फुटली

भाकरी खाल्ली की वजन उतरतं हे खरं ना? ज्वारी हलकी असते.

कोकमसार

ज्वारीचं पीठ आणि कणीक, कॅलरी जवळपास सारख्याच. फरक आकाराचा. मध्यम भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एक भाकरी बरोबर दोन पोळ्या. तिच्या बाजूने दोन गोष्टी आहेत: तेल लागत नाही, आणि चावून खावी लागत असल्याने पोट लवकर भरतं. एक खाऊन थांबणाऱ्याला उत्तम. ‘हलकी आहे’ म्हणून अडीच खाणाऱ्याला पाच पोळ्या पडतात. ठेचा-तेल वेगळं.

सिंहगड_पहाटे

व्यायामाबद्दल कोणी बोलेना, म्हणून लिहितो.

७५ किलोच्या माणसाने १ किमी चालल्यावर बसून राहण्यापेक्षा साधारण ४० ते ५० कॅलरी जास्त जळतात. ५ किमीला दोनशे-अडीचशे. एका वडापावाला तीनशेच्या आसपास. गड चढून वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खाणाऱ्यांची बेरीज त्यांनीच करावी (खाऊ नका म्हणत नाही, फक्त त्याला ‘वजन कमी करणं’ म्हणू नका). घड्याळ्यांवरचे कॅलरींचे आकडे सढळ असतात, त्यांवर विसंबून जास्तीचं खाऊ नका.

१०,००० पावलांचा आकडा १९६५ च्या जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, ‘मान्पो-केई’. कुठल्या प्रयोगशाळेतून नव्हे. त्यामुळे ४००० वरून ७००० वर आलात तर कमी पडलो म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. आठवड्याला रोजची ५०० पावलं वाढवत न्या. आणि एक गोम: खाणं कमी केलं की शरीर नकळत हालचाल आखडतं. लिफ्ट, बसल्या जागेवरून हाका, दुपारची जास्त डुलकी. पावलं मोजायचा खरा उपयोग ही गळती पकडायला.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा हवाच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. जिम नको. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून जोर, आणि ५ लिटरचा भरलेला कॅन वाकून कोपर मागे नेत उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, असे तीन फेरे, मध्ये दीड मिनिट थांबा. लागोपाठच्या दोन व्यायामांत १२ जमले की खुर्चीऐवजी पाट, भिंतीऐवजी ओटा, ओट्याऐवजी जमीन. इथे एक गंमत होते. काटा अडलेला असतो, पण वहीत ८ चे १२ झालेले असतात. प्रगती दिसायला दुसरी जागा मिळते.

मापटं

सिंहगड, शेवटचं वाक्य या धाग्याचं मर्म आहे. उत्साह टिकला म्हणून प्रगती होते असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा उलट असतं, प्रगती दिसत राहिली म्हणून उत्साह टिकतो. म्हणून मोजायच्या निदान तीन गोष्टी हव्यात, आणि त्यातली एक पूर्णपणे आपल्या हातातली. वजन हातात नाही. ‘आज दुपारच्या जेवणाआधी वाटीभर कोशिंबीर खाल्ली का’ हे हातात आहे.

स्वयंपाकघरात कालनिर्णय असतंच. त्या दिवसाच्या चौकोनात ठरवलेल्या कामाची बरोबरची खूण. कामं दोनच ठेवा, सहा नको. सवय २१ दिवसांत लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० मधल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक. त्यातच असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. तेव्हा चौकोन रिकामा राहिला तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नका. भरपाई करणारा माणूस रात्री नऊला डबे उघडतो.

अडचणीच्या वेळा आधीच लिहून काढा, ‘जर-तर’ पद्धतीने. जर ऑफिसात केक आला, तर एक तुकडा बशीत घेऊन जागेवर जाईन, टेबलापाशी उभा राहणार नाही. जर पाऊस असेल, तर जेवणानंतर घरातच १५ मिनिटं फेऱ्या. जर आग्रह झाला, तर ताटात अर्धी पोळी शिल्लक ठेवेन. (रिकामं ताट म्हणजे आपल्याकडे वाढायचं आमंत्रण.) ‘कमी खाईन’ ही योजना नव्हे, त्यात वेळही नाही आणि जागाही नाही.

आणि चिवडा-फरसाण पारदर्शक बरणीत ओट्यावर नको. स्टीलच्या डब्यात, वरच्या फळीवर. समोर काय असावं? काकडी, पेरू, भिजवलेले चणे.

चिंचगूळ

कालनिर्णय निघालंच आहे तर एकादशी आणि चतुर्थीवर आधीच गोल करा. कारण उपवासाचा दिवस.

ताटलीभर साबुदाणा खिचडी: कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम (२१०), कूट २५ ग्रॅम (१४०), तूप १५ ग्रॅम (१३५), बटाटा ५० ग्रॅम (४०). झाल्या सव्वापाचशे कॅलरी. प्रथिनं सात ग्रॅम, तीही कुटामुळे. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, दोन-तीन तासांत परत भूक, मग वेफर्स आणि रताळ्याचा कीस. उपवास मोडायचा नसेल तर साबुदाणा ३० ग्रॅमवर आणा, बटाटा काढा, कूट २०, तूप एक चमचा, आणि बाजूला वाटीभर दही-काकडी. किंवा ५० ग्रॅम भगर आणि ताक. एवढ्याने दोनशेच्या वर कॅलरी वाचतात.

प्रथिनांचं एकूणच बघा, कारण भूक आवरायला त्यांच्याइतकं काही नाही. वजन कमी करताना दर किलोला १ ते १.२ ग्रॅम धरा. ७० किलोला ७० ते ८५. तीन अंडी १८, कोरडे सोया चंक्स ४० ग्रॅम २०, कोरडी डाळ किंवा मटकी ६० ग्रॅम १४, दूध-दही ३०० मिली १०, चार पोळ्या १३. झाले ७५. अंडी नकोत त्यांनी १०० ग्रॅम पनीर, पण मग त्याच्या पावणेतीनशे-तीनशे कॅलरीही धरा. नुसत्या पातळ वरणावर हा आकडा गाठता येत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

सुपारी_फुटली

शेवटी दीक्षित की दिवेकर, ते सांगा ना!

मापटं

येणार होतंच. २०१८-१९ मध्ये यावर मित्रमंडळं फुटली होती, परत नको. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच जेवा म्हणतात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत. ऋजुता दिवेकर घरचं पारंपरिक, थोड्या थोड्या अंतराने. ज्यांचा दिवस चहा-बिस्किट-फरसाणात जातो त्यांना पहिल्यात मधलं सगळं आपोआप बंद होतं. ज्यांना जेवण चुकलं की संध्याकाळी खा-खा होते त्यांना दुसरं सोसतं. दोन्हीकडे वजन उतरतं ते एकूण खाणं घटल्यावरच. सहा महिने कोणतं जमेल एवढंच बघा.

एक मात्र गंभीरपणे: मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टर, मग डोस, मग प्रयोग.

रात्रपाळी

रात्रपाळीवाल्यांसाठी दोन ओळी. वजन ‘सकाळी’ नव्हे, मुख्य झोपेतून उठल्यावर. पाळी बदलते त्या आठवड्याची सरासरी धरू नका. डबा रात्री ११ ते १२ च्या दरम्यान संपवा. पहाटे तीन-चारला कँटीनमध्ये जे मिळतं ते तळलेलंच असतं, त्यासाठी घरून चणे-फुटाणे. आणि झोप चोरू नका. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात तेवढंच खाऊन साडेआठ तास आणि साडेपाच तास झोपेची मुभा अशी तुलना केली. वजन दोन्हीकडे तीनेक किलो उतरलं, पण कमी झोपेत त्यातली चरबी निम्म्याहूनही कमी होती. बाकीचं गेलं ते चरबी सोडून, स्नायू वगैरे.

कोकमसार

खरंच अडलेला काटा कशाला म्हणायचं? चार आठवड्यांची सरासरी जागची जागी आणि कंबरही तेवढीच. त्याआधी नाही. तसं झालं तर आधी सात दिवस सगळं पुन्हा वजनकाट्यावर मोजा. दोन महिन्यांत पोळीचा गोळा परत ६० ग्रॅमवर गेलेला असतो. माप बरोबर असेल तर गणित बदललंय: १० किलो उतरल्यावर शरीराची रोजची गरज दोनशे-अडीचशे कॅलरींनी घटते. ज्या ताटाने ८५ चे ७५ झाले, तेच ताट ७५ ला जवळपास जैसे थे ठेवतं. मग १५० कॅलरी कमी करा किंवा ३ किमी चालणं वाढवा. दोन्ही एकदम करू नका, काय लागू पडलं ते कळत नाही.

बारा-पंधरा आठवडे सलग झाले असतील तर दोन आठवडे मुद्दाम तूट बंद ठेवा. रोजची गरज भागेल एवढं, मोजूनच. किलोभर पाणी परत येईल, ते धरलेलंच असावं. गणपती किंवा दिवाळी यासाठी सोयीची: त्या पंधरवड्यात ‘कमी करायचं’ नाहीच, ‘आहे तिथे राखायचं’. एक बेसनलाडू ४० ग्रॅमचा, दोनशेच्या आसपास कॅलरी. दिवसाला एक लाडू आणि मूठभर चिवडा बसतो. तीन प्रकार एका बशीत घेतले की बसत नाही.

थायरॉईडचं कारण पुढे करण्याआधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या. कमतरता असली तरी त्यामुळे वाढलेलं वजन सहसा दोन-चार किलोच असतं, बरंचसं पाणी. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि काही मानसोपचाराची औषधं यांनी मात्र वजन वाढू शकतं. ती बंद करायची नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं.

अर्धी_भाकरी

पूर्ण धागा वाचला, गोळा मोजला. ६२ ग्रॅम. 😐
एक शंका: वजनाचा काटा न्हाणीघराबाहेर जाड पायपुसण्यावर असतो. चालेल?

मापटं

नाही. मऊ पृष्ठभागावर आकडा चुकतो. फरशीवर ठेवा, चारही पाय टेकलेत का बघा, मग ५ लिटर पाण्याचा कॅन हातात घेऊन आणि न घेता असं दोनदा उभे राहा. फरक पाच किलो अधिक कॅनचं वजन एवढा यायला हवा. आणि त्या तारखेला कॅलेंडरवर आडवी रेघ मारा. रेघेच्या वरचे आकडे खालच्यांशी ताडून बघायचे नाहीत.